चार इंचांचा चौकोन

गोधडी शिवायला मोबाइल कशाला लागतो, हे मला पहिल्यांदा माझ्या नगरच्या बहिणीनं विचारलं आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येकानं. दिल्लीत राहून हिचं डोकं फिरलंय, असा बहिणीचा सूर होता. तिचंही काही चुकत नव्हतं. आमच्याकडे जुनी लुगडी एकावर एक पसरायची, चार बाजूंना चार जणी बसायच्या आणि धावदोरा घालत घालत मध्याकडे सरकायचं, झाली गोधडी. तिला नकाशा लागत नाही.

मी ज्या गोधड्यांचं काम करते त्या वेगळ्या. त्यांत नव्या कापडाचे शेकडो तुकडे कापतात, ते जोडून एक नक्षी तयार होते, तिच्याखाली कापसाचा थर, त्याखाली अस्तर, आणि तिन्ही एकत्र टाचून कडेनं गोट. असे तुकडे जोडायचे तर आधी हिशोब करावा लागतो. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी शिवणीत जाणारं कापड धरायचं, पाव इंच. कापडाचा पन्हा किती, त्यात आडवे किती तुकडे बसतील, छापाची फुलं उलटी तर होणार नाहीत ना, एकूण कापड किती मीटर आणायचं. हे कागदावर करायला दोन दिवस लागतात आणि एक बेरीज चुकली तर कापड वाया. आमचं ॲप हे दोन मिनिटांत करतं. तुम्ही पलंगाचं माप सांगा, नक्षी निवडा, हवं तर घरातल्या कापडांचे फोटो टाका. ते तुम्हाला गोधडी कशी दिसेल ते दाखवतं, कापड किती लागेल ते सांगतं आणि कुठला तुकडा किती मापाचा कापायचा याची यादी देतं.

या ॲपची तपासणी आणि ग्राहकांच्या तक्रारी ही दोन कामं माझ्याकडे आहेत. त्याआधी मी पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्समनच, कारण बाईसाठी वेगळा शब्द खात्यात नव्हता. गटारं, जिने, क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या, असं काय काय मी काढलं. साठाव्या वर्षी निरोपाचा हार घालून घरी आले आणि तीन महिन्यांत मिस्टरांना माझा कंटाळा आला. मलाही त्यांचा आला होता, पण ते आधी बोलले.

तेव्हा इरा आली. इरा म्हणजे आमच्या सरकारी क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांची मुलगी, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. मराठी घरची, पण दिल्लीत जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं हिंदी. तिनं आणि तिच्या कॉलेजातल्या निखिल नावाच्या मित्रानं नोएडात दोन खोल्या घेऊन हे ॲप काढलं होतं. तिला नकाशा वाचता येणारं आणि शिवणकाम कळणारं माणूस हवं होतं. "मावशी, तू फक्त बघायचं की गडबड कुठे आहे," ती म्हणाली. "बिल्कुल सोपं काम आहे." गोट म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, धावदोराही नाही. गोधडीचं ॲप काढणाऱ्या मुलीला हे शब्द मी शिकवले याचा मला अजून आनंद आहे.

काम सोपं नव्हतं, पण मजेचं होतं. बऱ्याच तक्रारी एकाच प्रकारच्या असायच्या. ॲपमधून तुकड्याचा आकार कागदावर छापून घेता येतो. छापताना प्रिंटर तो कागदात मावावा म्हणून गुपचूप लहान करतो, आणि मग तुकडे जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक पानावर आम्ही कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन छापतो आणि लिहितो, की आधी हा मोजा. कुणीही मोजत नाही. मग फोन येतो.

गुडगावच्या एका बाई होत्या. त्यांचा फोन हरवला आणि त्यांनी रडत रडत ऑफिसात फोन केला, की माझ्या सगळ्या गोधड्या गेल्या. त्यांच्या खात्यात शंभरावर आराखडे होते. इरानं दिवसभर खपून ते परत मिळवून दिले. मी सहज विचारलं, यांतल्या किती शिवून झाल्या? त्या म्हणाल्या, अजून एकही नाही, पण नवरा टूरवर असला की रंग बदलत बसते, बरं वाटतं. मी त्यांना कापड घ्या असं कधीही सांगितलं नाही. आमच्या सगळ्यात समाधानी ग्राहक त्याच आहेत.

आणि फरीदाबादचे भाटियाजी. यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

भाटियाजी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्यभर काम केलेले गृहस्थ. टूलरूम म्हणजे जिथे यंत्रांचे साचे बनतात आणि केसाच्या जाडीवरून भांडणं होतात. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. घरी बायकोचं शिलाई मशीन होतं. ते उघडून, तेलपाणी करून, जोडून झाल्यावर चालतं का हे बघायला त्यांनी दोन चिंध्या जोडल्या आणि तिथून ते गोधड्यांत शिरले. त्यांच्या तक्रारी पानभर असायच्या, हिंदीत, क्रमांक घातलेल्या. सोबत फोटो. फोटोत कापडाचा तुकडा आणि त्याला लावलेला व्हर्नियर, म्हणजे टूलरूममध्ये मिलिमीटरचाही अंश मोजायला वापरतात ते पोलादी माप.

एकदा त्यांनी लिहिलं, की नातीच्या गोधडीत त्यांनी मापं सेंटिमीटरमध्ये घेतली आणि दोन चौकोन जोडून शेजारच्या आयताएवढे होत नाहीत. जवळजवळ तीन मिलिमीटर कमी भरतात.

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. ॲपमधला सगळा हिशोब इंचांत होतो, कारण गोधड्यांच्या नक्ष्या इंचांत असतात. ज्याला सेंटिमीटर हवेत त्याला आम्ही ते बदलून दाखवतो. सुरुवातीला आकडे यायचे दहा पूर्णांक सोळा, अकरा पूर्णांक त्रेचाळीस. मी इराला म्हटलं, खडूनं दहा पूर्णांक सोळावर खूण कोण करणार आहे? टेपवर अर्ध्या सेंटिमीटरची रेघ असते, आकडा जवळच्या अर्ध्याला पूर्ण करा. मीच सुचवलं, मीच तपासलं, मीच पास केलं. बहुतेक मापांत त्यामुळे तुकडा किंचित मोठा व्हायचा आणि ते खपून जायचं. चार इंचांचा चौकोन मात्र दहा सेंटिमीटर आणि वर दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. तो दहा दाखवला जायचा. म्हणजे लहान.

हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. भाटियाजींनी आकड्यांसकट लिहून दिलं होतं. पण त्या महिन्यात त्यांची ती पाचवी की सहावी तक्रार होती आणि माझ्या मनात त्यांच्या नावाला एक कंटाळा चिकटलेला होता. मी त्यांना फोन करून समजावलं, की कापड म्हणजे लोखंड नाही, ते ताणतं, आक्रसतं, शिवताना जरा ओढून घ्या, वाफेची इस्त्री फिरवा. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बहनजी, कपडा ढीला हो सकता है. हिसाब ढीला नहीं होता." मी हसून फोन ठेवला आणि तक्रारीसमोर 'निकाली' असं लिहिलं. पस्तीस वर्षं सरकारात काढल्यावर हा शब्द हाताला फार सहज येतो.

त्यानंतर चारेक महिन्यांनी मानेसरहून फोन आला.

फोन करणारीचं नाव कुंती. मूळची बिहारची, नवरा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तिनं कामगारांच्या बायकांचा नऊ जणींचा गट केला होता. किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांची पाच मशीनं होती. आधी त्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायच्या. मग डोंगराकडे छोटं हॉटेल काढणाऱ्या एका बाईंनी त्यांना सोळा पलंगांसाठी सोळा गोधड्या सांगितल्या. कापड बाईंनीच दिलं, हातछापाचं, मुद्दाम रंगवून घेतलेलं. ही त्यांची पहिली मोठी ऑर्डर. नक्षी आमच्या ॲपमधून घेतलेली. वर दोन चौकोन, खाली त्या दोघांच्या रुंदीचा एक आयत, असा एक ठोकळा, आणि असे ठोकळे आडवे बारा, उभे चौदा.

कुंतीनं तक्रार केलीच नाही. तिनं विचारलं, की दीदी, तुमच्याकडे शिवण सरळ कशी घालायची याचा काही व्हिडिओ आहे का. मी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, आमच्या मुलींचे हात वाकडे आहेत, चौकोन कमी पडतात, आयत पुढे येतो, ओढून जोडलं की झोळ पडतो. तिनं दोघींना तेच तेच पाच पाच वेळा उसवायला लावलं होतं. त्यांच्यातली एक तर आता येईनाशी झाली होती.

मी विचारलं, मापं इंचांत घेतली की सेंटिमीटरमध्ये? कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना कापायची लांब पट्टी मिळाली होती, ती सेंटिमीटरची होती.

चौकोन किती? तर दहा.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. तिला म्हटलं, पुढचं शिवू नका, आम्ही येतो. फोन ठेवल्यावर भाटियाजींची तक्रार उघडून वाचली. त्यात सगळं होतं. कुठलं माप, किती कमी, कशामुळे. खाली माझं 'निकाली'.

इराला सांगितलं तेव्हा ती ती तक्रार वाचायला बसली. निखिल मात्र बोलला. तो वाईट मुलगा नाही, कंपनी बुडू नये एवढीच त्याला काळजी असते. तो म्हणाला, की मॅम, आपल्या अटींमध्ये लिहिलेलं आहे, की मापं अंदाजे आहेत, आधी नमुना शिवून बघावा. त्यांनी नमुना शिवला नाही, ही त्यांची चूक. त्यांना मदत जरूर करू, पण आपलं चुकलं असं लेखी कुठे देऊ नका.

मी त्याला खात्यातल्या नकाशांबद्दल सांगितलं. प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात. काढला कोणी, तपासला कोणी, मंजूर केला कोणी. प्रत्येकात सही. वीस वर्षांनी जिन्याची पायरी उंच निघाली तरी कोपरा बघून कळतं, की हे कुणाच्या हातून झालं. सरकारात बाकी कशाला नाव नसतं, पण रेघेला असतं. मी म्हटलं, "निखिल, हा आकडा माझ्या हातचा आहे. त्या बाईला वाटतंय तिच्या मुलींचे हात वाकडे आहेत. हे मी तसंच राहू देणार नाही." इरानं गाडीची चावी घेतली.

मानेसरच्या त्या खोलीत गेलो तेव्हा आठ जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या, परीक्षा घ्यायला कोणी आल्यासारख्या. मधोमध तीन गोधड्यांचे वरचे पत्रे पसरलेले. पत्रा म्हणजे तुकडे जोडून तयार झालेला वरचा भाग. लांबून रंग सुंदर दिसत होते, निळा आणि हळदी. जवळ गेलं की प्रत्येक जोडाशी चुणी. बाकी तेरा गोधड्यांचं कापड कापून तयार होतं, गठ्ठे बांधलेले. एका कारखान्याच्या सुट्टीच्या दिवसांत त्यांना तिथलं मोठं टेबल वापरायला मिळालं होतं, म्हणून त्यांनी सगळं एकदमच कापून घेतलं होतं. आणि त्या रंगाचं कापड आता संपलेलं होतं.

मी खाली बसले. एक चौकोन घेतला, माझ्या पट्टीनं मोजला. अचूक दहा. दुसरा, तिसरा, पंधरावा. सगळे अचूक दहा. मी इतकं सरळ कापलेलं कापड कसलेल्या शिंप्याकडेही पाहिलं नव्हतं.

मी त्यांना हिंदीत सांगितलं, की तुमचे हात वाकडे नाहीत, आमचा आकडा चुकला होता. तो मी तपासला होता आणि तो चुकीचा आहे हे मला एका माणसानं सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही. कुंती माझ्याकडे बघत होती. मग ती उठून दाराबाहेर गेली आणि जिन्यातून कुणाला तरी फोन लावला. नंतर कळलं, की येईनाशी झालेल्या बबीताला लावला होता. परत आली आणि मला म्हणाली, "दीदी, मैंने उसको बहुत सुनाया था. अब क्या मुँह दिखाऊँ?"

ॲपमधला आकडा मला सुधारता आला. त्या मुलीला महिनाभर ऐकावं लागलं ते नाही.

मग आम्ही कामाला लागलो. हॉटेल उघडायला तीन आठवडे होते. आयत मोठा होता आणि चौकोन लहान. चौकोन मोठा करता येत नाही, मग आयताचीच वाढीव कड छाटायची. मी वहीत आकडे मांडले. दोन चौकोन आणि आयत जोडून झाल्यावर ठोकळा अठरा सेंटिमीटर सात मिलिमीटरचा छाटला, की सगळे ठोकळे सारखे होतात आणि चुण्या जातात. पण त्यामुळे गोधडी रुंदीत चार आणि लांबीत पाच सेंटिमीटर कमी भरत होती. हॉटेलच्या बाईंना माप ठरलेलं हवं होतं.

इथे कुंतीनं विचारलं, की अस्तराचं कापड चारी बाजूंनी जास्त का ठेवायला सांगता? मी म्हटलं, टाचताना अस्तर सरकतं म्हणून चार चार इंच जास्त, मागून छाटून टाकायचं. ती म्हणाली, आमचं सरकत नाही. त्यातून एक एक पट्टी काढू. नक्षी आणि कड यांच्यामध्ये चारी बाजूंनी अस्तराची बारीक पट्टी, गडद निळी. माप भरून निघेल आणि वाटेल मुद्दामच घातलीये.

मी पस्तीस वर्षं नकाशे काढले, पण हे मला सुचलं नव्हतं. मी आकडा मांडला. तो बसला.

अडचण होती छाटण्याची. अडीच हजारांहून जास्त ठोकळे, प्रत्येकातून दोन-तीन मिलिमीटर. पट्टी लावून, खूण करून छाटत बसलो असतो तर तीन आठवडे त्यातच गेले असते, आणि पट्टी हलली की पुन्हा चूक. परतीच्या वाटेवर गाडीतूनच मी भाटियाजींना फोन केला. काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून घेतलं होतं, पण ऐन वेळी सरळच बोलले. तुम्ही बरोबर होतात, मी तुमचं ऐकलं नाही, त्यामुळे असं असं झालंय. मला वाटलं आता क्रमांक घालून ऐकवतील. त्यांनी विचारलं, ठोकळ्याचं माप काय? मी सांगितलं. म्हणाले, कायम तेच राहणार? हो. मग म्हणाले, परवा सकाळी पत्ता पाठवा.

परवा सकाळी ते फरीदाबादहून मुलाला गाडी चालवायला लावून मानेसरला आले. सोबत जुन्या टूलरूमच्या सोबत्याकडून करवून घेतलेले चार पोलादी फर्मे, अठरा सेंटिमीटर सात मिलिमीटरचे चौकोन, खाली कापडावरून सरकू नयेत म्हणून वाळूचा कागद चिकटवलेला, कडा हाताला लागू नयेत इतक्या घासलेल्या. ठोकळ्यावर फर्मा ठेवायचा, चारी बाजूंनी कटर फिरवायचा, उचलायचा. मोजायचं काही नाही. पहिला ठोकळा त्यांनी स्वतः छाटला, व्हर्नियर लावला, वाचला आणि मान हलवली. मग व्हर्नियर कुंतीच्या हातात दिला. दहा मिनिटांत ती तो वाचायला शिकली. नंतर दर पन्नासावा ठोकळा ती मोजून बघायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची, आणि भाटियाजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा पीत डोळे मिटून ऐकायचे. माझ्याशी ते त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. जाताना मात्र म्हणाले, की त्यांच्या तक्रारींतल्या आणखी दोन 'निकाली' आहेत, सवड मिळाली तर बघा. मी घरी जाऊन आधी त्या बघितल्या. त्यातली एक बरोबर होती.

बबीता चौथ्या दिवशी आली. कुंती तिच्या घरी जाऊन आली होती, काय बोलली ते मला माहीत नाही. ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली आणि पायडल मारायला लागली. दुपारी दोघी एकाच डब्यातून जेवल्या.

हॉटेलच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं होतं. त्या ठरल्या दिवशी स्वतः बघायला आल्या. कमी बोलणाऱ्या, चष्मा साखळीला लावलेल्या. प्रत्येक गोधडी उलटून, उजेडात धरून बघितली. निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि पुढे गेल्या. तेरा गोधड्या त्यांनी घेतल्या. जे तीन पत्रे उसवून पुन्हा जोडले होते ते अजून टाचायचे होते; त्यांच्या कापडावर सुईची भोकं दिसत होती, ते तीन नाकारले. मधे तोंड घालावं असं मला क्षणभर वाटलं, पण भोकं होती, हे खरंच होतं. कुंतीनं तेरा गोधड्या घडी करून पिशव्यांत भरल्या, टेम्पोत चढवल्या आणि टेम्पो वळेपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. मग वर येऊन सगळ्यांना सांगितलं, की आता दोन दिवस सुट्टी.

ऑफिसात आम्ही दुरुस्ती केली. आता ॲप मिलिमीटरपर्यंत माप दाखवतं आणि तुकडा कधीच लहान होऊ देत नाही, पूर्ण करायचंच झालं तर वरच्या अंगाला करतं. शिवाय एक ठोकळा शिवून, मोजून तो आकडा भरल्याशिवाय पुढची कापायची यादी उघडतच नाही. ग्राहक यावर चिडतात. चिडू देत.

नवी आवृत्ती काढताना काय बदललं याची दोन ओळींची सूचना असते. सगळ्या कंपन्या लिहितात, किरकोळ दुरुस्त्या केल्या. इरानं मला विचारलं, की मावशी, काय लिहायचं? मी लिहिलं, की चार इंचांच्या चौकोनाचं माप सेंटिमीटरमध्ये कमी दाखवलं जात होतं. फरीदाबादच्या एका ग्राहकानं हे आम्हाला आधी कळवलं होतं, आम्ही दुर्लक्ष केलं. ज्यांनी या मापानं कापलं असेल त्यांनी फोन करावा, उपाय आहे. खाली लिहिलं, तपासणी, सरोज साळवे. निखिलनं ते दोनदा वाचलं आणि तसंच पाठवलं. त्यानंतर सात जणांचे फोन आले. सातही जणांना वाटत होतं, की त्यांचीच शिवण वाईट आहे.

भाटियाजी आता आमचे तपासणीस आहेत. पगार नको म्हणतात, पण हजेरी मागतात. दर गुरुवारी त्यांचा क्रमांक घातलेला कागद येतो आणि तो निकाली काढायचा अधिकार इरानं माझ्याकडून काढून त्यांनाच दिला आहे. मला ते योग्य वाटतं. थोडं लागलं, पण योग्य वाटतं.

आता एक कबुली. जगभरच्या बायकांना गोधडी कशी आखावी हे इतकी वर्षं सांगणाऱ्या मी स्वतः एकही गोधडी पूर्ण केली नव्हती. त्या नाकारलेल्या तीन पत्र्यांपैकी एक मी कुंतीकडे मागितला. दोन त्यांनी आपल्या घरी ठेवले. माझा तिथेच बसून हातानं टाचायचा असं ठरवलं. हिवाळ्यात दर शनिवारी मी मेट्रोनं गुडगावपर्यंत आणि पुढे शेअरच्या ऑटोनं मानेसरला जायचे. घरून मिस्टर विचारायचे, की आता ओव्हरटाइम कसला?

पहिल्या शनिवारी मी धावदोऱ्याची एक पूर्ण ओळ घातली. पट्टीनं खुणा करून, टाके मोजून, सरळ. कुंतीनं ती बघितली, सुईच्या टोकानं एक टाका उचलला आणि सबंध ओळ ओढून काढली. म्हणाली, टाके खालच्या अस्तरापर्यंत पोचलेच नाहीत, वरच्या वर शिवलंय. दुसऱ्या शनिवारी तिनं अर्धी ओळ उसवली आणि अर्धी ठेवली. बबीता समोर बसली होती, ती खाली बघून हसत होती. हसायचा हक्क तिचाच होता.

तिसऱ्या शनिवारी मी खुणा केल्याच नाहीत. खालून बोटाला सुई टोचली की वर काढायची, एवढंच धरून गेले. ओळ जराशी तिरकी झाली. कुंतीनं गोधडी उलटी करून अस्तराकडून बघितली, तळहात फिरवला, पण एकही टाका उसवला नाही. दोरा तोडून तिनं माझ्या सुईत नवा ओवला आणि सुई माझ्याकडे दिली.